जरा बाजूला होऊन काढा ना फोटो!

तुमच्या कॉलेजचा ग्रुप उघडा आणि थोडं वर स्क्रोल करा. मे-जूनची नाहीतर डिसेंबरची सुट्टी असेल तर कुणी ना कुणी मनालीला गेलेलं सापडणारच. तो फोटो न बघताच मी सांगते कसा असेल. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, मधून काळाभोर ओला रस्ता आणि त्या रस्त्याच्या बरोब्बर मधोमध हात पसरून उभा असलेला आपला मित्र किंवा मैत्रीण. अंगात भाड्याचा लालभडक ड्रेस, पायात गमबूट, डोळ्यांवर गॉगल. कॅप्शन इंग्रजीत, गाणं हिंदीत आणि खाली कमेंट मराठीत, 'भावा, एकच नंबर!'

फोटो छानच असतो, त्याबद्दल वाद नाही. पण फोटोत काय नाही, तेवढं एकदा डोळ्यांसमोर आणा. फोटो काढणाराही रस्त्यातच उभा आहे. त्याच्या मागे त्यांची गाडी, दारं उघडी टाकून. आणि त्या गाडीच्या मागे पंधरा-वीस गाड्या हॉर्न वाजवत थांबल्यात.

मी त्या मागच्या गाड्यांबद्दल लिहितेय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही पण 'क्षण जगा, फोटो काय काढता' असं सांगणाऱ्यांतली. मी त्यांतली अजिबात नाही. हे सांगणारे बहुतेक जण लहानपणापासून चार वेळा काश्मीर करून आलेले असतात. आपलं तसं नसतं ना. आपण बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगरची मुलं. आपल्याकडे थंडी म्हणजे जानेवारीत पहाटेच्या लोकलला खिडकी बंद करावी लागणं. वालधुनीच्या काठी राहणाऱ्यांना पांढरा फेस म्हटला की बर्फ आठवत नाही, भलतंच काहीतरी आठवतं. आपल्या घरात पहिल्यांदा बर्फाला हात लावणारे पुष्कळदा आपणच असतो. मग फोटो नको काढायला? शंभर काढा. घरच्यांना दाखवायलाच तर काढायचे.

माझ्या आईचा लग्नाआधीचा एक फोटो आहे, उल्हासनगरच्या एका स्टुडिओत काढलेला. आई साडीत, हात टेबलावर, आणि मागे रंगवलेला पडदा. पडद्यावर बर्फाचे डोंगर, निळं तळं, देवदार, एक लाकडी घर. तुमच्याही आई-मावशी-आत्याचा असा एखादा असेल, अल्बममध्ये शोधा. तेव्हाच्या बहुतेक स्टुडिओत हा पडदा असायचाच, कारण बर्फाच्या डोंगरात जाणं परवडणार नव्हतं आणि त्यांच्यासमोर उभं राहावंसं तर वाटायचंच. त्या फोटोचं मला कधी हसू येत नाही. उलट आपण आता खरोखर तिथे जाऊ शकतो, याचं भारी वाटतं.

वाईट एवढंच वाटतं, की खऱ्या डोंगरात जाऊनही आपण त्याला पडद्यासारखंच वागवतो. पडद्यामागे कुणी राहत नाही, पडद्यातल्या रस्त्यावरून ट्रक येत नाही, पडदा अंगावर कोसळत नाही. रोहतांगला हे सगळं होतं.

शेवटच्या वर्षाची परीक्षा संपल्यावर मे महिन्यात आम्ही सात जण गेलो होतो. कल्याणहून पंजाब मेल, दिल्लीहून रात्रीची बस, मनाली. जॅकेटं उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधून घासाघीस करून घेतलेली, त्यामुळे मनालीच्या रस्त्यावर ड्रायव्हरने कोट भाड्याने देणाऱ्या दुकानापाशी गाडी थांबवली तेव्हा आम्ही सगळे नको-नको करत बसून राहिलो. (ही दुकानं बघण्यासारखी असतात. रस्त्याला ओळीने, प्रत्येकावर मोठा नंबर, आणि तुमच्या गाडीने कुठल्या नंबरला थांबायचं हे बहुतेक आधीच ठरलेलं.) आमचा ड्रायव्हर लाहौलकडचा होता, फार बोलायचा नाही. मढीच्या पुढे बर्फाच्या भिंती सुरू झाल्या आणि आम्ही एका सुरात 'भैया, रोको रोको' केलं. त्याने आरशातून बघितलं आणि म्हणाला, "फोटो जितना खींचना है खींचो, गाड़ी यहाँ नहीं रुकेगी." पार्किंगची जागा आल्यावरच थांबला. तिथून चालत पाच मिनिटांवर तसाच बर्फ होता. तसाच!

वाटेत मात्र आम्ही तीन वेळा अडकलो. तिन्ही वेळा पुढे कुणाची गाडी बंद पडलेली नव्हती की दरड आलेली नव्हती. पुढे फोटो चालला होता.

तुम्हाला हा प्रकार कुठे बघितल्यासारखा वाटतोय? सकाळची बदलापूर लोकल अंबरनाथला आली की दारात एक जण असतो. तो आत जात नाही, उतरतही नाही, बाजूलाही होत नाही. त्याला वारा हवा असतो. आत अर्धा पॅसेज मोकळा असतो आणि बाहेर प्लॅटफॉर्मवर चाळीस जण लटकायला तयार. त्या माणसाबद्दल तुम्ही मनात जे जे म्हणता, ते मी इथे छापू शकत नाही. पण बर्फाच्या रस्त्यात गाडी आडवी घालून फोटो काढणारा नेमका तोच माणूस आहे. फरक इतकाच, की तिथे आपण प्लॅटफॉर्मवर नसतो, दारात असतो.

आणि तो रस्ता कुणाचा आहे हे जरा बघा. रोहतांगच्या पलीकडे लाहौल आहे. अटल बोगदा होईपर्यंत त्या खोऱ्याचा रस्ता हिवाळ्यात पाच-सहा महिने बर्फाखाली असायचा. आजारी माणसाला बाहेर काढायचं तर हेलिकॉप्टरची वाट बघायची, आणि हेलिकॉप्टरने हवामानाची. ३ ऑक्टोबर २०२० ला बोगदा सुरू झाला, ९.०२ किलोमीटरचा, तीन हजार मीटरहून जास्त उंचीवर. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर अंबरनाथहून गाडीत बसल्यावर बदलापूर ओलांडून वांगणीच्या वाटेला लागेपर्यंत डोंगराच्या पोटातच. लाहौलच्या लोकांसाठी तो केवढा मोठा दिवस असेल! आणि पहिल्या काही दिवसांतच बोगद्यात काय सुरू झालं? सेल्फीसाठी थांबलेल्या गाड्या, शर्यती आणि अपघात. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आत गाड्या थांबवून नाचणाऱ्या पर्यटकांना पोलिसांनी पकडलं. २०२३ च्या नाताळात एकाने तर ट्रॅफिक टाळायला सरळ चंद्रा नदीत एसयूव्ही घातली. त्याचा व्हिडिओ तुम्ही नक्की बघितला असेल. आपण सगळ्यांनीच बघितला आणि फॉरवर्डही केला.

त्याच रस्त्याने लाहौलचा वाटाणा, फ्लॉवर, बटाटा खाली येतो. हे वाचून तुम्हाला माळशेज आठवला तर बरोबर आठवला. जुन्नर-ओतूरची भाजी कल्याणच्या बाजार समितीत याच घाटातून येते. पावसाळ्यातल्या रविवारी घाटात बोनेटवर चढून फोटो काढणारी पोरं आणि मागे अडकलेला कोथिंबिरीचा टेम्पो हे दृश्य आपल्याला काही नवीन नाही. फक्त तिकडचा बर्फ इकडे धुकं झालेलं असतं.

आता त्या रस्त्यावरच्या माणसांबद्दल. त्यांच्यामुळेच खरं तर हा लेख लिहायला घेतला.

तिसऱ्यांदा अडकलो तेव्हा शेजारी सात-आठ मजूर फावड्यांनी रस्त्याच्या कडेचा बर्फ खरवडत होते. भगवी जॅकेटं, तोंडाला गुंडाळलेला रुमाल, हातात फाटके मोजे. डोळ्यांखालची कातडी उन्हाने पार करपलेली. पुढच्या गाडीतून एक कुटुंब उतरलं, आपल्याच बाजूचं, मराठी बोलणारं. त्यांचा मुलगा भिंतीला टेकून उभा राहिला, बाबांनी फोन उचलला आणि त्या मजुरांना म्हणाले, "भैया, जरा साइड में हो जाओ, फोटो में आ रहे हो."

ते झाले बाजूला. निमूटपणे, फावडी उचलून.

त्या काकांना मी दुष्ट वगैरे म्हणणार नाही. त्यांनी 'भैया' म्हटलं, 'जरा' म्हटलं. पण ज्यांनी तो रस्ता उघडला त्यांनाच त्या रस्त्याच्या फोटोतून बाहेर काढणं, हे कुणालाच खटकलं नाही. आमच्या गाडीतही दोघं हसली.

हे मजूर कुठून येतात माहितीये? सीमावर्ती भागातले हे रस्ते बांधते आणि उघडे ठेवते ती बॉर्डर रोड्स ऑर्गनायझेशन, बीआरओ, ७ मे १९६० ला सुरू झालेली. तिची मशीन्स मोठी, अधिकारी सैन्यातले. पण हाताने दगड फोडणारी, डांबर टाकणारी, बर्फ उपसणारी कितीतरी माणसं झारखंडची असतात, त्यातही दुमका आणि आसपासच्या संथाळ परगण्यातली. लॉकडाउनमध्ये यातले काही जण वर लडाखमध्येच अडकले. २९ मे २०२० ला त्यांतल्या साठ जणांना लेहहून विमानाने रांचीला आणलं, तेव्हा ती मोठी बातमी झाली होती. त्यांच्यातले बरेच जण पहिल्यांदाच विमानात बसले असणार. आणि महिन्याच्या आत, १३ जूनला, दुमका स्टेशनवरून सुमारे सोळाशे मजुरांना घेऊन खास गाडी पुन्हा त्याच सीमेच्या रस्त्यांकडे निघाली. आपण तेव्हा घरात बसून डालगोना कॉफी फेटत होतो.

गाड्या हलत नव्हत्या म्हणून मी उतरून त्यांच्यातल्या एकाशी बोलले. वय माझ्याएवढंच असेल. दुमक्याचाच. मला वाटलं होतं तो पर्यटकांना शिव्या घालेल. त्याने खिशातून फोन काढला, काच तडकलेली, आणि मला त्याचे फोटो दाखवले. बर्फाच्या भिंतीसमोर तो, गॉगल लावून. मित्राचा गॉगल होता, म्हणाला. घरी पाठवलेत. म्हणजे त्यालाही तोच फोटो हवा होता जो आम्हाला हवा होता. फक्त त्याने तो वळणाच्या आतल्या बाजूला, जिथे मशीन उभं करतात त्या मोकळ्या जागेत काढला होता. मधोमध रस्त्यात उभं राहायचं त्याच्या मनातही आलं नसणार. तिथे काय होऊ शकतं हे त्याला माहीत होतं.

काय होऊ शकतं, ते आपणही माहीत करून घेऊ. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये गंगटोकहून नथु लाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिमकडा कोसळला आणि सात माणसं गेली. पर्यटकांना तेराव्या मैलापर्यंतच जायची परवानगी होती, लोक पंधराव्या मैलापर्यंत गेले होते. दोन मैल पुढे बर्फ जास्त चांगला दिसतो ना. डोंगरातला बर्फ सकाळी घट्ट असतो, ऊन चढलं की सैल होतो. फोटोला जी निळ्या आभाळाची, कडक उन्हाची दुपार आपल्याला हवी असते, ती उतारावरच्या बर्फासाठी सगळ्यात बेभरवशाची.

दुसरी घटना पाकिस्तानातली आहे, पण डोंगर सीमा बघत नाही. जानेवारी २०२२ मध्ये मरी नावाच्या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ पडतोय म्हटल्यावर लोक हजारो गाड्या घेऊन बघायला धावले. रस्ते तुंबले. रात्री बर्फ वाढत गेला. लोक गाडीच्या काचा बंद करून, हीटर लावून आत बसले, आणि वीसहून जास्त माणसं गाड्यांमध्येच मरण पावली. सायलेन्सरच्या तोंडाशी बर्फ साचला की धूर बाहेर जात नाही, आत यायला लागतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला झोप लागल्यासारखं होतं. बर्फात कधी गाडी अडकली तर सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढत राहा, काच थोडी उघडी ठेवा आणि इंजिन सतत चालू ठेवू नका. ट्रिपच्या आयटिनररीत हे कुणी लिहून देत नाही. आणि बर्फाच्या रस्त्यावरची कोंडी आपल्याला शिळफाट्याच्या कोंडीसारखी वाटते. शिळफाट्यावर उशीर होतो, फार तर बॉस ओरडतो.

मध्येच एक सांगते, कारण हे माझं फार आवडतं आहे. लडाखच्या खारदुंग लाला जाऊन आलेल्या कुणाचाही जुना फोटो बघा. मागे पिवळा बोर्ड, त्यावर उंची १८,३८० फूट आणि जगातला सर्वात उंच मोटार रस्ता असल्याचा दावा. कित्येक वर्षं लाखो लोकांनी त्या बोर्डाशेजारी उभं राहून फोटो काढले. प्रत्यक्ष मोजणीत ती खिंड भरते सुमारे ५,३५९ मीटर, म्हणजे साधारण साडेसतरा हजार फूट. बोर्डच चुकीचा! पुढे बीआरओनेच उमलिंग लाचा १९,०२४ फुटांवरचा रस्ता बांधला आणि २०२१ मध्ये त्याची गिनीजमध्ये नोंद झाली. आपण 'पुरावा' म्हणून ज्याच्या शेजारी उभे राहतो त्याचीच ही गत. बोर्डाच्या फोटोपेक्षा तिथे मिळालेल्या चहाच्या कपाचा फोटो जास्त खरा निघाला असता.

बरं, तिथे उभं राहणं तरी सोपं आहे का? खारदुंग लावर हवेत ऑक्सिजन आपल्या बदलापुरातल्यापेक्षा साधारण निम्मा. विमानाने लेहला उतरायचं, दुसऱ्याच दिवशी वर जायचं आणि रीलसाठी बर्फात धावायचं, उड्या मारायच्या, हा शरीरावर अत्याचार आहे. पहिले दोन दिवस लेहमध्ये नुसतं बसून राहणं कंटाळवाणं वाटतं, पण ते करावंच लागतं. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर 'एवढे पैसे भरलेत' म्हणून वर जायचं नाही, खाली यायचं.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं बोललीस, आता फोटो कसा काढायचा तेही सांग. सांगते की. मास कॉमला फोटोग्राफीचा पेपर उगाच नव्हता.

बर्फाचा फोटो राखाडी, मळका का येतो माहितीये? कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. बर्फ दिसला की त्याला वाटतं उजेड फारच आहे, आणि तो फोटो काळवंडवून टाकतो. मग चेहरा तर कोळशासारखाच येतो. फोनवर चेहऱ्याला टॅप करा आणि बाजूला येणारा सूर्य थोडा वर सरकवा. कॅमेरा असेल तर एक्सपोजर एक ते दोन स्टॉप वाढवा. बर्फ पांढरा येईल. नंतर फिल्टर लावून जे करतो ते तिथेच होतं. थंडीत बॅटरी भराभर उतरते. ४० टक्के दाखवत असताना फोन अचानक बंद पडला तर घाबरू नका, आतल्या खिशात अंगाशी धरून ठेवा, पुन्हा जीव धरतो. गार पडलेला फोन हॉटेलच्या गरम खोलीत तसाच काढला की काचेवर आणि कधी आतही पाणी जमतं. म्हणून बाहेर असतानाच झिपच्या पिशवीत बंद करा आणि खोलीत तासभर उघडू नका. आणि गॉगल फक्त फोटोपुरता लावून नंतर डोक्यावर चढवू नका. ताजा बर्फ अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, शिवाय जितकं वर जाल तितके ते वाढत जातात. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं ते यानेच. त्या मजुरांकडे सगळ्यांना पुरतील एवढे गॉगल नव्हते, हे मला नंतर खोलीवर डोळे धुताना आठवलं.

आणि दुपारी बारा वाजता बर्फावर सावलीच नसते, सगळं सपाट पांढरं दिसतं. सकाळी लवकर किंवा ऊन कलताना काढा, सावल्या निळ्या पडतात, उतार उठून दिसतात. हे आभाळाच्या निळ्या उजेडामुळे होतं, फोनच्या बिघाडामुळे नव्हे. रस्त्याचा फोटो रस्त्यात उभं राहून कधीच चांगला येत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. वरच्या वळणावरून खालचा नागमोडी रस्ता काढा, त्यावरून रांगत जाणारा एक ट्रक येऊ द्या. तेव्हा कळतं तो डोंगर केवढा आहे. मधोमध हात पसरून उभं राहिलं की फक्त आपणच केवढे आहोत ते कळतं.

आता बर्फाचंच बघा. ज्याच्यासाठी एवढी धावपळ, तो टिकावा असं तरी वाटतं का आपल्याला? रोहतांगवर गाड्यांच्या धुरातली काजळी बर्फावर बसते, काळा झालेला बर्फ जास्त ऊन पितो आणि लवकर वितळतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये हे प्रकरण गांभीर्याने घेतलं आणि मग गाड्यांवर मर्यादा आली. दिवसाला १,२०० पर्यटक गाड्या, त्यात आठशे पेट्रोलच्या आणि चारशे डिझेलच्या, त्याही परमिट काढून. फोटोसाठी इंजिन चालू ठेवून वीस मिनिटं थांबलेल्या गाडीच्या आसपासचा बर्फ बघा कधीतरी, कसा दिसतो ते. त्याचा फोटो कुणी टाकत नाही.

बर्फ इतका का वेड लावतो, याचं उत्तर शोधायला हिमाचललाही जायला नको. महाबळेश्वरला थंडीत वेण्णा तलावाच्या जेट्टीवर दव गोठलं की दुसऱ्या दिवशी पेपरमध्ये फोटो असतो आणि शनिवारी गाड्यांची रांग. गाडीच्या टपावर चिमूटभर हिमकण, आणि भोवती पंधरा मोबाइल! हे गोड आहे, यात कुणाचं काही जात नाही. पण गारपीट झाली की जे चालतं ते मात्र मला सहन होत नाही. शेतात गारांचा खच पडतो, पांढरंशुभ्र शिवार, आणि त्यावर कॅप्शन, 'आमच्या गावचं काश्मीर'. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ, मराठवाडा, नाशिक, सोलापूर सगळीकडे गारपिटीने गहू, हरभरा, द्राक्षं झोपली होती. तेव्हा आपण शाळेत होतो. आज तसं झालं तर त्याच्या रील्स किती निघतील याचा अंदाज करा. त्या पांढऱ्या चादरीखाली कुणाची तरी द्राक्षबाग आहे. फोटो काढाच, पण बागेचा काढा, फुटलेल्या घडाचा काढा. तो फोटो पंचनाम्याला तरी उपयोगी पडेल.

अगदी घराजवळचं बोलायचं तर कोंडेश्वर आहे. पावसाळा आला की जिल्हा प्रशासन धबधब्यांवर बंदीचे आदेश काढतं आणि आपण 'हे काय, दरवर्षीचंच' म्हणून मागच्या वाटेने जातो. आदेश सरसकट असतात, गावातल्या वडापाववाल्याचा धंदा त्यात बुडतो, हे सगळं खरं आहे आणि त्यावर वेगळं लिहायला हवं. पण कुंभे धबधब्यापाशी जुलै २०२४ मध्ये रील करताना एक तरुणी दरीत पडून गेली, तेव्हा तिला वर आणायला जी माणसं दोर लावून पावसात कित्येक तास खाली-वर करत होती, ती आसपासचीच, स्वतःची कामं सोडून आलेली होती. आपल्या फोटोचा खर्च आपण एकटे करत नाही.

अंबरनाथकरांना तर हे सांगायलाच नको की काही ठिकाणी कॅमेरा खिशातच ठेवायचा असतो. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या भिंतीला लागून आयुष्य काढलेली माणसं आपल्या घरात आहेत. नथु लाला तर सैनिक फोटो काढूच देत नाहीत. तिथून आलेला माझा एक मित्र कुरकुरत होता, 'एवढं जाऊन एकपण फोटो नाही.' मग त्यानेच अर्धा तास त्या जागेचं वर्णन केलं. वारा कसा कापत होता, पलीकडचा चिनी सैनिक किती जवळ उभा होता, स्वतःचे दात कसे वाजत होते. रोहतांगच्या चारशे फोटोंबद्दल तो कधी चार वाक्यं बोललेला नाही.

यंदा जाणार असाल तर दोन-तीन कामाच्या गोष्टी. रोहतांगचं परमिट ऑनलाइन मिळतं, आधी काढा, एजंटवर सोडू नका. मंगळवारी रस्त्याच्या देखभालीसाठी रोहतांग पर्यटकांना बंद असतो, म्हणजे दिल्लीहून सोमवारी रात्री निघालात तर पहिला दिवस मनालीतच जाणार. तो हिडिंबा मंदिराच्या देवदारांत घालवा, शरीरालाही उंचीची सवय होते. ड्रायव्हरला सकाळी सहाला बोलवा, उजेड चांगला असतो आणि मढीच्या ढाब्यांवर पराठे गरम असतात. आणि त्याला गाडीत बसतानाच सांगून टाका, की आम्ही कितीही ओरडलो तरी रस्त्यात थांबू नका.